बाबांच्या हातातला रिमोट : ५.१ च्या प्रकल्प नोंदी

४ जानेवारी, शनिवार

आज रात्री सिनेमा लावला, पण मी बघत बसले बाबांचा अंगठा. पाऊण तासात त्यांनी आवाज ३१ वेळा वर-खाली केला. कुणी बोलायला लागलं की वर, गाडी उलटली की खाली. "सगळे मेले पुटपुटतात," ही त्यांची कायमची तक्रार. वयाने त्यांना कमी ऐकू येतं हे खरं, पण मलाही निम्मे संवाद सबटायटल वाचूनच कळतात, तेव्हा सगळं खापर त्यांच्या कानांवर फोडता येणार नाही.

कारण सरळ आहे. टीव्ही जितका पातळ तितके त्याचे स्पीकर बारके, आणि तेही बहुतेक वेळा खाली किंवा मागे तोंड करून बसवलेले. सिनेमाचा आवाज मुळात ५.१ मध्ये, म्हणजे सहा वेगळ्या वाटांत (चॅनलांत), बांधलेला असतो. समोर डावा, उजवा आणि मधला, बाजूला जरा मागे दोन सराउंड, आणि '.१' म्हणजे १२० हर्ट्झपर्यंतच्या खर्जासाठी राखलेला वेगळा चॅनल. संवाद जवळजवळ सगळे मधल्या चॅनलवर. टीव्ही हे चॅनल एकत्र करून दोन बारक्या स्पीकरांतून बाहेर ढकलतो आणि त्या चेंगराचेंगरीत पहिला बळी जातो तो संवादांचा.

ठरलं, ५.१ करायचं. सात नकोत, छतातले ॲटमॉसचे (वरून आवाज देणारे) नकोत. सोफा मागच्या भिंतीला चिकटलेला. जास्तीचे दोन ठेवणार कुठे, भिंतीत? टीव्ही आहे तोच राहील. काम जमलं की नाही ते बाबांच्या अंगठ्यावरून ठरवायचं.

५ जानेवारी, रविवार

हॉल मोजला. लांबी १६ फूट, रुंदी १२, उंची साडेनऊ. डाव्या भिंतीत मागच्या बाजूला दार, उजवीकडे मोठी खिडकी. लेकाने टेप धरला, मी चौकटीच्या वहीत आराखडा काढला.

आवाज सेकंदाला साधारण ३४३ मीटर जातो. त्याला लांबीच्या दुपटीने भागलं की खोलीचा पहिला 'स्वतःचा' सूर मिळतो: ३५ हर्ट्झ. रुंदीचा ४७, उंचीचा ५९. या सुरांना खोली स्वतःहून साथ देणार, कुठे फुगवणार, कुठे गिळणार. पुढे सबवूफर (ऊर्फ सब, खास खर्ज वाजवणारा स्पीकर) आला की हे आकडे लागतील म्हणून वहीच्या पुठ्ठ्यावरच लिहून ठेवले.

सोफा भिंतीला टेकलेला चालणार नाही. डोक्यामागे लगेच भिंत असली की खर्ज फुगतो आणि मागून परतलेला आवाज समोरच्यात मिसळून संवाद गढूळ होतात. पुस्तकी सल्ला म्हणजे कान भिंतीपासून लांबीच्या ३८ टक्क्यांवर, म्हणजे सहा फुटांवर हवेत. नवऱ्याला सांगितलं तर म्हणाला, "मग हॉलमध्ये राहतं काय, नुसता सोफा?" तासाभराच्या घासाघिशीनंतर कान चार फुटांवर येतील एवढा सोफा पुढे घ्यायचं कबूल झालं.

समोरचे दोन स्पीकर मधल्या रेषेपासून ३० अंशांवर असावेत, असं ५.१ ची आंतरराष्ट्रीय शिफारस सांगते. आमच्याकडे ते बसत नाही. सोफ्यापासून त्यांचं सरळ अंतर ११ फूट, त्यावर ३० अंश म्हणजे मध्यापासून सव्वासहा फुटांच्याही पलीकडे, आणि भिंत सहा फुटांवरच. बाजूच्या भिंतींपासून दीड फूट सोडून ठेवले तर २२ अंश भरतात. डॉल्बीच्या मांडणीत २२ ते ३० चालतात. काठावर पास.

११ जानेवारी, शनिवार

सामान आलं. पाचही स्पीकर मुद्दाम एकाच मालिकेतले घेतले, निदान समोरचे तीन तरी एकाच सुराचे हवेतच. नाहीतर पडद्यावर डावीकडून उजवीकडे चालत गेलेला माणूस मध्येच वेगळ्या गळ्याने बोलतो.

वॉटच्या आकड्यांना मी भाव दिला नाही. पॉवर दुप्पट केली तर आवाज वाढतो जेमतेम ३ डेसिबल. आमचे स्पीकर एका वॉटला एका मीटरवर ८७ डेसिबल देतात. साडेतीन मीटरवर मोकळ्या जागेच्या हिशेबाने ११ गेले तरी ७६ उरतात, आणि भरल्या घरात तेवढं पुष्कळ झालं. २० वॉटला ८९. खोक्यावर ठळक छापलेल्या शेकड्यांतल्या वॉटचं करायचं काय?

१२ जानेवारी, रविवार

आजचा दिवस वायरीने खाल्ला.

स्पीकरची वायर तांब्याची म्हणून आणली होती. टोक सोलून पिळताना दोन तारा कटकन तुटल्या. तांबं असं तुटत नाही, ते वाकतं. एक तार नखावर धरून ब्लेडने हलकेच खरवडली. वरचा लालसर पापुद्रा निघाला आणि आत पांढरी चकचकीत तार. ॲल्युमिनियम, वरून तांब्याचा मुलामा! लेकाला भिंगातून दाखवलं, तर त्याने पुढचा अर्धा तास घरातली दिसेल ती तुटकी वायर खरवडली.

आता रागाच्या भरात न लिहिता हिशेब मांडते. सर्वांत लांबची वायर उजव्या सराउंडची, भिंतीच्या कडेकडेने १२ मीटर. जाऊन-येऊन २४. दीड चौरस मिलिमीटरच्या अस्सल तांब्याचा रेझिस्टन्स होतो ०.२८ ओहम, म्हणजे ८ ओहमच्या स्पीकरच्या साडेतीन टक्के. पाच टक्क्यांच्या आत असलं की झालं, असा ढोबळ नियम आहे. मुलाम्याच्या तारेचा रेझिस्टन्स सुमारे दीडपट, म्हणजे सव्वापाच टक्क्यांच्या आसपास. कानाला फरक कळला असता का? खरं सांगायचं तर बहुधा नाही. पण स्क्रूखाली दाबली की ही तार तुटते, आणि दोन वर्षांनी केसिंग पट्टीच्या आत तुटलेली वायर शोधत मला शिडीवर चढायचं नाही. शिवाय तांबं म्हणून विकलं तर तांबंच मिळायला हवं. परत केली.

दुसरी आणली ती दुकानातच खरवडून बघितली. 'ऑक्सिजन-विरहित' वगैरे छापलेली महागडी मात्र नाकारली. साधं तांबं बास आहे.

१८ जानेवारी, शनिवार

सराउंड कानांच्या बाजूला, जरा मागे, साधारण ११० अंशांवर हवेत. आराखड्यात डाव्या सराउंडची जागा नेमकी दारावर येते. पुढे सरकवला तर कानांच्या पुढे जातो, आणि पुढून बोलणारा सराउंड काय कामाचा. म्हणून दाराच्या वर, सव्वासात फुटांवर, सोफ्याकडे वाकवून बसवायचा ठरवला. आणि उजवीकडेही, खिडकी सोडून, मुद्दाम तेवढ्याच उंचीवर. एक कानाशी आणि एक छताशी असं लंगडं प्रकरण नको.

ड्रिलला सुरुवात केली आणि अर्ध्या इंचावर बिट अडलं. नुसतं किंचाळतंय, भुगा नाही. मग डोक्यात प्रकाश पडला: दारावर लिंटेल असतं, सिमेंट-काँक्रीटचं. साध्या ड्रिलचं ते काम नाही. हॅमर ड्रिल मागून आणलं तर दुसऱ्याच मिनिटाला बिट सळईला लागलं. भोक दोन इंच बाजूला घेतलं. लेक खाली कागदाचा द्रोण धरून भुगा झेलत उभा, केस पांढरे, खोकतोय आणि खूश आहे. गिट्ट्या ठोकल्या, ब्रॅकेट आवळलं, आणि स्पीकर लावायच्या आधी मी स्वतः त्याला लोंबकळून बघितलं. दोन किलोच्या स्पीकरसाठी जरा जास्तच झालं, पण खालून बाबा ये-जा करतात.

१९ जानेवारी, रविवार

जोडणी. रिसीव्हर, म्हणजे टीव्हीचा आवाज घेऊन सगळ्या स्पीकरांना वाटणारा खोका, त्याच्यामागे वाकून लाल-लाल, काळं-काळं. पिळलेल्या वायरीतली एक केसाएवढी तार बाहेर राहून शेजारच्या टर्मिनलला टेकली तर शॉर्ट होतो, म्हणून सगळीकडे बनाना पिना लावल्या.

मग सेलची परीक्षा. रिसीव्हरकडचं वायरीचं टोक मोकळं ठेवून तिला दीड व्होल्टचा सेल क्षणभर टेकवायचा. अधिक लालला, उणे काळ्याला. स्पीकरचा पडदा 'टप्' करून बाहेर आला तर जोडणी सुलट, आत गेला तर उलट. लेक शिडीवर जाळी काढून डोळे लावून बसला आणि ओरडत राहिला, "बाहेर! बाहेर! बाहेर!… आई, हा आत गेला."

डावा सराउंड. केसिंग पट्टीच्या कोपऱ्यात मी एक जोड दिला होता, तिथेच लाल-काळं बदललं होतं. असा एक स्पीकर उलटा राहिला की काही जळत नाही, काही बंद पडत नाही. नुसता आवाज पातळ आणि कुठून येतोय ते न कळण्यासारखा होतो. दहा मिनिटांची परीक्षा नसती केली तर वर्षभर सेटिंगशी झोंबत बसले असते.

२५ जानेवारी, शनिवार

पहिल्यांदा चालू केलं आणि सगळ्या स्पीकरांतून घुंऽऽ. कुठलाच सिनेमा न लावता. नवरा म्हणाला, "मधमाश्यांचा चांगला आलाय."

मेन्सचाच घुं आहे हे उघड होतं. एकेक केबल काढत गेले. सबची काढली, आहे. टीव्हीची एचडीएमआय काढली, गेला! मग ती परत लावून टीव्हीच्या मागची, केबलवाल्याकडून येणारी जाड गोल वायर काढली, तरी गेला. म्हणजे चोर तिथे. त्या वायरीचं आवरण बाहेर कुठेतरी जमिनीला जोडलेलं, आणि रिसीव्हर-सब आमच्या बोर्डाच्या अर्थिंगला. दोन ठिकाणच्या जमिनींत किंचित फरक असला की मधल्या तारांतून करंट फिरत राहतो, आणि तोच ऐकू येतो. याला ग्राउंड लूप म्हणतात.

"अर्थची पिन काढून टाक, घुं जाईल," असा सल्ला दोघांनी दिला. जाईल. आणि उद्या आत काही बिघडलं तर रिसीव्हरचा पत्रा वीज घेऊन बसेल. अर्थिंगला हात लावायचा नाही. त्या गोल वायरीत बसून दोन जमिनींचा दुवा तोडणारा छोटा आयसोलेटर मिळतो, तो मागवला आहे. तोवर ती वायर बाहेर, बातम्या मोबाइलवर. बाबा नाराज.

१ फेब्रुवारी, शनिवार

आयसोलेटर लावला, घुं गेला. आता सबवूफरची जागा.

ही जागा तर्काने सापडत नाही, रांगून सापडते. सब उचलून चक्क सोफ्यावर, माझ्या बसायच्या जागी ठेवला, ३० पासून ९० हर्ट्झपर्यंत पायरीपायरीने चढत जाणारे सूर लावले, आणि भिंतीच्या कडेकडेने गुडघ्यांवर रांगायला लागले. जिथे सगळे सूर सारखे ऐकू येतील तिथे सब ठेवायचा. दोन जागांमधला आवाजाचा रस्ता दोन्ही दिशांनी सारखाच, म्हणून ही अदलाबदल चालते.

बाबा दारातून आत आले. सोफ्यावर काळा खोका घुमतोय, मुलगी टीव्हीखाली डोकं घालून हातापायांवर. जरा वेळ बघून म्हणाले, "काय हरवलंय?"

"खर्ज."

"सापडला की सांग," म्हणाले आणि गेले.

उजव्या कोपऱ्यात सगळंच फुगलेलं, विहिरीत बोलल्यासारखं. खिडकीखाली बरं, पण ३५ च्या आसपास एकदम गडगडाट. समोरच्या भिंतीशी, उजव्या स्पीकरच्या जरा आतल्या बाजूला सर्वांत सपाट. पण एक गोष्ट खटकली. वरच्या सुरांपैकी एक, सत्तरच्या जवळपासचा, मी कुठेही रांगले तरी गायबच होता. गुडघे सोलले, तो काही मिळाला नाही.

२ फेब्रुवारी, रविवार

गुडघ्याला मलम लावता लावता उत्तर सुचलं. ते वहीच्या पुठ्ठ्यावरच होतं.

लांबीचा पहिला सूर ३५. त्याचा दुप्पट, ७०, हाही लांबीचाच. त्या लाटेचा दाब दोन्ही भिंतींपाशी आणि बरोबर मध्ये सर्वांत जास्त, आणि पाव आणि पाऊण लांबीवर जवळजवळ शून्य. आमचे कान मागच्या भिंतीपासून चार फुटांवर, सोळाचा बरोबर पाव! काल सब त्याच जागेवर ठेवला होता, तेव्हा ७० हर्ट्झ त्याला पेटवताच येत नव्हता. उद्या आम्ही तिथे बसलो की आम्हाला तो ऐकूच येणार नाही. नवऱ्याशी तासभर हुज्जत घालून मी खोलीतली नेमकी वाईट जागा मिळवली होती.

मैत्रिणीकडून मोजमापाचा यूएसबी माइक आणला, लॅपटॉपवर रूम ईक्यू विझर्ड हे फुकट मिळणारं सॉफ्टवेअर टाकलं. सब नव्या जागी, माइक सोफ्यावर कानाच्या उंचीवर, 'भूऽऽप' असा खालून वर जाणारा सूर सोडला. आलेखात ७० वर विहीर. इक्वलायझरने ती भरत नाही. जितका आवाज वाढवाल तितकाच परत येऊन त्याला मारतो, फक्त सब धापा टाकतो. उपाय एकच, सोफा हलवणं.

आठ इंच पुढे ओढला. परत भूऽऽप. विहिरीचा खड्डा झाला. नवरा आतून आला, सोफा बघितला, फरशीवर मी लावलेली चिकटपट्टीची खूण बघितली.

"अजून आठ इंच?"

"आलेख दाखवू?"

"नको."

या आठ इंचांनी बाकीचीही गणितं सुधारली. समोरचे स्पीकर साडेतेवीस अंशांवर आले, सराउंड ११६ वर. शिफारशीत सराउंडला ११० अधिक-उणे १० अंश चालतात.

८ फेब्रुवारी, शनिवार

रिसीव्हरच्या माइकने आपोआप होणारं कॅलिब्रेशन, म्हणजे प्रत्येक स्पीकर मोजून जुळवून घेणं. पंखा बंद, फ्रिज बंद, लेकाला बाहेर पिटाळलं. माइक तिपाईवर, कानाच्या उंचीवर; सोफ्याच्या पाठीवर नुसता टेकवून ठेवायचा नाही, पाठीवरून परतलेला आवाज त्यात शिरतो.

निकाल वाचण्यासारखा होता. सराउंडचं अंतर ७ फूट निघालं, टेपनेही तेवढंच. समोरचे दोन 'लार्ज' ठरवले होते, ते मी 'स्मॉल' केले. यात अपमान नाही. ८० हर्ट्झच्या खालचं सबकडे द्या एवढाच त्याचा अर्थ. सबच्या पाठीवर त्याचं स्वतःचं क्रॉसओव्हरचं (कुठल्या सुरापर्यंत वाजवायचं ते ठरवणारं) बटण असतं, ते पूर्ण वर फिरवून ठेवलं, नाहीतर तीच चाळणी दोनदा लागते.

सबचं अंतर मात्र आलं १४ फूट. टेपने १० सुद्धा भरत नाही. हात शिवशिवले, पण तो आकडा तसाच ठेवला. सबच्या आतल्या सर्किटमुळे आवाज थोडा उशिरा निघतो आणि रिसीव्हर तो उशीर अंतर समजून मोजतो. एका फुटाला ०.९ मिलिसेकंद, म्हणजे चार-साडेचार फुटांचा फरक चार मिलिसेकंदांच्या आसपास. टेपला वेळ कळत नाही, माइकला कळतो.

९ फेब्रुवारी, रविवार

परीक्षा. घरातले सगळे बसले. आवाज मोठा, भरदार, मागूनही काही काही येतंय. लेक "भारीऽ" म्हणाला.

बाबांचा अंगठा, पाऊण तासात: २२.

३१ वरून २२. महिनाभर भिंती फोडून, गुडघे सोलून, नऊ.

१२ फेब्रुवारी, बुधवार

झोपायच्या आधी सहज रिसीव्हरच्या 'इन्फो' बटणावर बोट पडलं. आत काय येतंय ते लिहून आलं: पीसीएम (म्हणजे टीव्हीने आधीच उलगडलेला आवाज), दोन चॅनल.

दोन!

टीव्ही पहिल्या दिवसापासून रिसीव्हरला साधा स्टिरिओ पाठवत होता आणि रिसीव्हर इमानेइतबारे त्या दोनाचे अंदाजाने पाच करून वाटत होता. म्हणूनच मागून 'काही काही' येत होतं. चाचणीचा आवाज रिसीव्हर स्वतःच तयार करतो, त्यामुळे पाचही स्पीकर तपासणीत अगदी नीट वाजत होते आणि मला कशाचाच संशय आला नाही. रविवारचं ते सगळं कौतुक अंदाजपंचे आवाजाचं.

टीव्हीच्या मेनूत, आवाज, मग 'तज्ज्ञ सेटिंग', मग 'डिजिटल आउटपुट', एवढ्या खोलात ते दडलेलं होतं. पीसीएमचं 'पास-थ्रू' केलं, म्हणजे आलेला आवाज तसाच पुढे. रिसीव्हरवर लगेच: डॉल्बी डिजिटल प्लस, ५.१. आणि त्याच सिनेमातला तोच प्रसंग. खोलीत दोघे बोलताहेत, बाहेर पाऊस. पाऊस आता दारावर आणि खिडकीच्या बाजूला होता, बोलणं टीव्हीच्या खाली मधोमध. दोन्ही एकमेकांच्या पायात येत नव्हती. रात्री साडेबाराला मी एकटीच ते चार मिनिटं पाच वेळा बघितलं.

आणखी दोन गोष्टी लिहून ठेवते, परत अडखळायला नको. एक: आमच्या टीव्हीला साधी एआरसी (एचडीएमआयमधून टीव्हीचा आवाज रिसीव्हरला परत पाठवायची सोय) आहे. त्यातून काही भाग गाळून दाबलेला ५.१ येतो, पण डिस्कवरचा काहीही न गाळलेला, ट्रूएचडीसारखा, येत नाही. त्याला ई-एआरसी लागते. म्हणून डिस्क प्लेअर थेट रिसीव्हरला. दोन: एकाच सिनेमाचा मूळ भाषेतला ट्रॅक ५.१ आणि डब केलेला नुसता स्टिरिओ, असंही असतं. भाषा बदलली की इन्फो बटण दाबून बघायचं.

१५ फेब्रुवारी, शनिवार

मधला स्पीकर. तो टीव्ही युनिटवर, दीड फुटावर, आणि आमचे कान तीन फूट चार इंचांवर. म्हणजे तो आमच्या गुडघ्यांशी बोलत होता. आधी त्याला युनिटच्या अगदी कडेपर्यंत पुढे ओढलं, नाहीतर समोरच्या लाकडावरून आवाज परततो. मग लेकाने स्पीकरच्या डोक्यावर त्याचा लेझर पॉइंटर ठेवला आणि ठिपका सोफ्यावर बसलेल्या माझ्या हनुवटीवर येईपर्यंत (डोळ्यांवर नाही, हे मी तीनदा बजावलं होतं) तोच स्पीकरच्या पुढच्या पायांखाली दाराच्या रबरी पाचरी सरकवत गेला. दहा अंश वर झाला.

या मधल्या स्पीकरला लोक उगाच सावत्र वागवतात. १९३३ साली बेल लॅब्जने फिलाडेल्फियातल्या वाद्यवृंदाचा आवाज तारांवरून वॉशिंग्टनच्या सभागृहात पोहोचवला, तेव्हाच त्यांनी दोनऐवजी तीन चॅनल घेतले होते. मधला नसेल तर बाजूला बसलेल्याला सगळंच त्याच्या जवळच्या स्पीकरमधून येतंय असं वाटतं. बाबा नेमके सोफ्याच्या डाव्या टोकाला बसतात.

मधल्याची लेव्हल दोन डेसिबलने वाढवली. रात्रीसाठी रिसीव्हरचा 'नाइट मोड' चालू, तो मोठ्या आवाजांना दाबतो. शुद्धतावाद्यांना हे रुचणार नाही, पण ते आमच्याकडे राहत नाहीत.

१६ फेब्रुवारी, रविवार

हॉलच्या मध्ये टाळी वाजवली की 'टर्रर्र' असा परतावा येतो. समोरासमोरच्या दोन उघड्या भिंती चेंडू टोलवतात तसा आवाज टोलवतात. आरशाची युक्ती केली: मी सोफ्यावर, लेक भिंतीवरून आरसा सरकवतोय, आणि आरशात स्पीकर दिसला की तिथे पेन्सिलची फुली. त्या फुलीवरून पहिला परतावा कानात येतो.

डाव्या भिंतीवरच्या फुलीला दोन इंच जाडीच्या रॉकवूलचं (दगडापासून केलेल्या लोकरीचं) पॅनेल, सुताराकडून चौकट, वर विरळ विणीचं कापड, आणि भिंतीपासून दोन इंच पोकळी सोडून. भरताना हातमोजे आणि मास्क घातला, तरी मनगट रात्रभर खाजलं. उजवीकडे खिडकीला जाड चुण्यांचा पडदा. फरशीवर सतरंजी.

अंड्यांचे ट्रे लावा म्हणणारा एकजण भेटलाच. तो पातळ पुठ्ठा आहे, कामाच्या आवाजाचं काही वाकडं करत नाही. आणि शेजाऱ्यांना ऐकू जाऊ नये म्हणून पॅनेल लावा म्हणणारा दुसरा. पॅनेल खोलीतला आवाज सुधारतं, बाहेर जाणारा अडवत नाही. त्याला वजनदार भिंत लागते.

टाळीचा 'टर्रर्र' गेला. नुसती टाळी उरली.

२२ फेब्रुवारी, शनिवार

किरकोळ. ओठ आधी हलतात, आवाज मागून, असा टीव्हीवरचा एक जुना त्रास होता; टीव्हीतला 'ऑडिओ डिले' शून्य केला, गेला. टीव्ही बंद केला की डिस्क प्लेअर आपोआप चालू होत होता, त्या प्लेअरची सीईसी (एकाने दुसऱ्याला चालू-बंद करायची सोय) बंद केली. टीव्ही-रिसीव्हरची राहू दिली, कारण बाबांना एकच रिमोट हवा.

१ मार्च, शनिवार

तोच सिनेमा, सुरुवातीपासून, तोच पाऊण तास. कुणाला काही न सांगता मी वही घेऊन कडेला बसले.

पहिल्या दहा मिनिटांत दोनदा, सवयीने. मग एकदा, गाणं लागल्यावर. मग बराच वेळ काहीच नाही. रिमोट मांडीवरून घसरून सोफ्याच्या फटीत गेला तरी त्यांनी तो काढला नाही. एकूण ३.

मध्येच वळून म्हणाले, "हा म्हातारा काय बोलतो ते मात्र अजून कळत नाही."

मी सबटायटल लावून बघितलं. त्या म्हाताऱ्याचं पात्र तोंडात विडी धरूनच बोलतं. तिथे माझा इलाज नाही.

राहिलेलं काम: मोठा खर्ज आला की काचेच्या कपाटातली मधली काच 'झिर्र' करते. सूर सोडून बघितला, नेमकी ४७ ला, म्हणजे रुंदीच्या सुरावर. उद्या तिच्या खालच्या कडेला फेल्टचे तुकडे चिकटवायचे. मैत्रिणीचा माइकही परत द्यायचा आहे, पण आधी सोफ्याच्या डाव्या टोकाला, बाबांच्या जागेवर, एकदा मोजून घेते.